परराज्यात व्यवसाय : वैद्याची नोंदणी, आहारतज्ज्ञाचा परवाना आणि देशविचार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय विशिखानुप्रवेशनीय या नावाने प्रसिद्ध आहे. विशिखा म्हणजे व्यवसायाचा मार्ग. त्या मार्गात पाऊल टाकणाऱ्या वैद्याने शास्त्राचे अध्ययन केलेले असावे, त्याचा अर्थ जाणलेला असावा, कर्म पाहिलेले व स्वहस्ते केलेले असावे, हे आचार्य सांगतात. त्याबरोबरच राजाची अनुज्ञा मिळालेली असावी, अशीही अट ते घालतात. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार वर्णिले आहेत. रोगाभिसर वैद्य राष्ट्रात मोकळे फिरतात, याचे कारण राजाचा प्रमाद होय, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. तात्पर्य, नोंदणी व परवाना ही कल्पना पाश्चात्त्य राज्यकारभाराने आपल्यावर लादलेली नाही. आपल्याच संहितांना ती संमत आहे.

आज राजाच्या स्थानी कायदा आहे, आणि भारतासारख्या संघराज्यात कायद्याच्या कक्षा राज्यागणिक बदलतात. कोल्हापूर जिल्ह्यातील वैद्यांना या प्रश्नास वारंवार तोंड द्यावे लागते. कागल सोडले की थोड्याच अंतरावर कर्नाटक सुरू होते. गडहिंग्लज व चंदगडच्या रुग्णांची ये-जा बेळगावशी आहे. आंबोली घाट उतरला की सावंतवाडीमार्गे गोवा येतो. सीमेपलीकडच्या मुली आपल्याकडे सून म्हणून येतात व आपल्या मुली तिकडे जातात. त्यांतील अनेक जणी बी.ए.एम.एस. असतात. त्यामुळे 'माझी नोंदणी मुंबईची आहे, मी निपाणीत दवाखाना थाटू शकेन का?' किंवा 'रुग्णांना आहारसल्ला देते, तर पाटीवर डाएटिशियन लिहू का?' असे प्रश्न सभासदांकडून सतत येतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

१. पार्श्वभूमी

मुंबई प्रांतात देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी १९३८ च्या मुंबई वैद्यकीय व्यवसायी अधिनियमाने सुरू झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. बेळगाव जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. तोपर्यंत एकाच राज्यात असलेल्या शेजारच्या गावांतील वैद्य अशा रीतीने दोन राज्यांच्या कायद्यांखाली आले.

त्यानंतर दोन्ही राज्यांनी १९६१ या एकाच वर्षाचे कायदे केले. महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ आहे व त्याखाली महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन ही परिषद मुंबईतून काम पाहते. कर्नाटकात आयुर्वेद, निसर्गोपचार, सिद्ध, युनानी व योग व्यावसायिकांच्या नोंदणीचा १९६१ चा अधिनियम असून तेथील आयुर्वेदिक व युनानी व्यावसायिक मंडळाचे कार्यालय बेंगळुरू येथे आहे. गोव्यात भारतीय वैद्यक पद्धती व होमिओपॅथी यांचे स्वतंत्र मंडळ आहे.

केंद्रीय पातळीवर १९७० च्या भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियमाने केंद्रीय नोंदवही निर्माण केली. त्या नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीस भारतात कोठेही आपल्या अर्हतेनुसार व्यवसाय करता येईल, असे त्यात नमूद होते. आता त्या कायद्याच्या जागी भारतीय वैद्यक पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० आला असून ११ जून २०२१ पासून नवा आयोग कार्यरत आहे. आयोगाच्या चार मंडळांपैकी नीती व नोंदणी मंडळाकडे राष्ट्रीय नोंदवही सोपविली आहे. राज्य नोंदवही किंवा राष्ट्रीय नोंदवही यांपैकी एकीत नाव असल्याशिवाय कोणासही या पद्धतीचा व्यवसाय करता येत नाही.

२. व्यक्तीची नोंदणी आणि जागेची नोंदणी

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. 'राष्ट्रीय नोंदवहीत नाव आहे म्हणजे सर्व मुभा आहे' हे विधान अर्धेच खरे आहे. वैद्याची नोंदणी ही व्यक्तीची नोंदणी असते, तर दवाखान्याची नोंदणी ही जागेची असते. पहिली दुसरीची जागा घेत नाही.

महाराष्ट्रात लहान सल्ला-दवाखाना थाटताना दुसऱ्या प्रकारच्या नोंदणीचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना येत नाही, कारण येथील १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा प्रामुख्याने रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांना लागू होतो. कर्नाटकातील स्थिती वेगळी आहे. तेथे २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना अधिनियम आहे. त्याच्या कक्षेत सर्व मान्य पद्धतींचे खासगी दवाखाने येतात. केवळ नाडी पाहून औषध देणारी एका खोलीची जागासुद्धा त्यातून सुटत नाही. नोंदणीचे काम जिल्हा प्राधिकरणाकडे असते व जिल्हाधिकारी त्याचे प्रमुख असतात. गोव्यातही २०१९ चा क्लिनिकल आस्थापना अधिनियम झालेला आहे.

म्हणून आठवड्यातून एकदा मंगळवारी निपाणीत किंवा संकेश्वरात एखाद्या औषध दुकानाच्या मागच्या खोलीत बसून रुग्ण पाहणाऱ्या कोल्हापूरच्या वैद्याने स्वतःस दोन प्रश्न विचारले पाहिजेत. माझे नाव येथील राज्य नोंदवहीत किंवा राष्ट्रीय नोंदवहीत आहे काय? आणि ही खोली आस्थापना म्हणून नोंदलेली आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्याचे उत्तर 'होय' असूनही तपासणीच्या वेळी दवाखाना बंद होऊ शकतो. त्यातून होणारी मानहानी ही दंडाहून मोठी असते. बोगस डॉक्टरांविरुद्धच्या मोहिमेत विधिवत शिकलेल्या वैद्याचे नाव वर्तमानपत्रात छापून आले, तर नंतर कितीही कागद दाखविले तरी गावाची समजूत सहजी बदलत नाही.

दूरध्वनीवरून किंवा चित्रसंवादाने सल्ला देण्याचा विषय वेगळा आहे. २०२० च्या एप्रिल महिन्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्यावसायिकांसाठी दूरवैद्यक मार्गदर्शक सूचना प्रसृत झाल्या. आपला जुना रुग्ण नोकरीनिमित्त बेंगळुरूस गेला आणि तेथून त्याने पथ्य विचारले, तर त्या सूचनांच्या चौकटीत नोंदणीकृत वैद्यास सल्ला देता येतो. मात्र रुग्णाची ओळख, संमती व दिलेल्या सल्ल्याची लेखी नोंद ठेवणे आवश्यक आहे.

३. सीमेवर थांबणारे अधिकार

आयुर्वेदाचा व्यवसाय करण्याचा अधिकार राष्ट्रीय आहे. परंतु महाराष्ट्रातील अनेक वैद्यांच्या दैनंदिन व्यवहारात आधुनिक औषधांचाही वापर होतो आणि त्याचा आधार राज्याच्या कायद्यात व १९९० च्या दशकात शासनाने काढलेल्या अधिसूचनांत आहे. ८ ऑक्टोबर १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या विषयाचा निर्णय दिला. भारतीय वैद्यकाच्या व्यावसायिकास आधुनिक औषधे लिहिण्याचा अधिकार असेल, तर तो त्या त्या राज्याच्या कायद्याने मान्य केलेला असला पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

याचा सीमाभागातील अर्थ सरळ आहे. कोगनोळीच्या अलीकडे लिहिलेली प्रतिजैविकाची चिठ्ठी ज्या अधिसूचनेच्या आधारे उभी असते, ती अधिसूचना कोगनोळीच्या पलीकडे लागू नाही. परराज्यात जाणाऱ्या वैद्याने तेथील शासनाची लेखी तरतूद स्वतः वाचेपर्यंत केवळ आयुर्वेदीय चिकित्सा करावी, हे श्रेयस्कर. 'तिथले सगळे देतात' हा आधार चौकशीत उपयोगी पडत नाही.

काही गोष्टी मात्र केंद्रीय कायद्यामुळे सर्वत्र सारख्या आहेत. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमानुसार वैद्यास स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करण्यास निर्मितीचा परवाना लागत नाही. ही सवलत पलीकडेही कायम राहते. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाचे बंधनही तसेच पलीकडे येते. त्याच्या अनुसूचीत मधुमेह व स्थौल्य यांचा समावेश आहे. आहारसल्ला देणाऱ्यांच्या फलकांवर नेमके याच दोन व्याधींचे दावे ठळक अक्षरांत आढळतात. 'मधुमेह मुळापासून बरा' किंवा 'महिन्यात दहा किलो घटवा' अशी पाटी कोल्हापुरात जितकी अडचणीची, तितकीच ती मडगावात किंवा बेळगावात आहे.

४. आहारतज्ज्ञ या नामाभिधानाचा प्रश्न

पथ्यापथ्य हे आयुर्वेदीय चिकित्सेचे अंगच असल्याने नोंदणीकृत वैद्याने रुग्णास आहार सांगण्यास वेगळ्या परवान्याची गरज नाही. प्रश्न उद्भवतो तो 'डाएटिशियन' हे नामाभिधान स्वतंत्र व्यवसाय म्हणून धारण करण्याचा.

भारतात दीर्घकाळ या व्यवसायास शासकीय परवाना नव्हता. १९६३ साली स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' (आर.डी.) ही परीक्षा घेते. तिला रुग्णालयांत मान आहे, परंतु ती संघटनेने दिलेली ऐच्छिक मान्यता होय. राज्याचा परवाना तिच्यातून मिळत नाही. ही स्थिती बदलणारा कायदा म्हणजे राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१. त्याच्या अनुसूचीतील दहा व्यवसायगटांत पोषणशास्त्राचा गट आहे आणि त्यात आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांची गणना केली आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून गणले जाण्यासाठी किमान ३६०० तासांचे पदवी शिक्षण अपेक्षित आहे. राज्य परिषदेने राज्य नोंदवही व आयोगाने केंद्रीय नोंदवही ठेवावी, अशी रचना आहे. म्हणजे आपल्या १९७० च्या कायद्याने वैद्यांसाठी जी व्यवस्था केली, तीच अर्धशतकानंतर आहारतज्ज्ञांसाठी होत आहे. राज्य परिषदांच्या उभारणीस विलंब होत राहिल्याने २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास राज्यांना मुदत घालून द्यावी लागली.

बी.ए.एम.एस. पदवीधराने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, आपली पदवी ही आयुर्वेदाची पदवी आहे. तिच्या बळावर आहारतज्ज्ञांच्या नोंदवहीत नाव जाईल, असे गृहीत धरू नये. दुसरी गोष्ट, अनेक वैद्यांनी, विशेषतः भगिनींनी, दूरस्थ पद्धतीने आहारशास्त्राची पदविका घेतली आहे. त्या ज्ञानाचे मूल्य कमी होत नाही. तथापि २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याच्या कक्षेतील विषय, अन्न व पोषणशास्त्रासह, दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकविणे बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्यांना पुढे या व्यवसायात नोंदणी हवी आहे, त्यांनी प्रवेशापूर्वी ही बाब तपासावी. तिसरी गोष्ट, पाटीवर आपली नोंदणीकृत अर्हता लिहून तिच्याखाली 'आयुर्वेदीय पथ्यापथ्य सल्ला' असे लिहिणे सर्व राज्यांत निर्विवाद आहे. तो आपला स्वतःचा शब्द आहे व त्यात कमीपणा काहीच नाही.

पथ्याबरोबर पाकीटबंद पीठे, लाडू, सत्त्व इत्यादी विकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. ते खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी वेगळी लागते. 'आयुर्वेद आहार' या नावाने विक्री करावयाची असल्यास २०२२ ची स्वतंत्र विनियमावली आहे. वैद्याचा नोंदणी क्रमांक येथे उपयोगी पडत नाही.

ज्यांच्या मुली विवाहानंतर अमेरिकेस जातात, त्यांच्याही माहितीसाठी दोन शब्द. तेथे आहारतज्ज्ञाची राष्ट्रीय परीक्षा एक असली, तरी परवाना राज्य देते. न्यू जर्सीतील परवान्यावर टेक्सासमध्ये आपोआप काम करता येत नाही, आणि काही राज्यांत असा परवानाच नाही. १ जानेवारी २०२४ पासून त्या परीक्षेस बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे. राज्य बदलले की कागद बदलतात, ही अडचण केवळ आपलीच नाही.

५. स्थलांतराची कार्यपद्धती

समजा, गडहिंग्लजची एक वैद्या विवाहानंतर बेळगावी स्थायिक होत आहे. तिने पुढील क्रम ठेवावा.

(१) मूळ परिषदेतील नोंदणी चालू आहे याची खात्री करावी. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण थकलेले असताना ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज पुढे सरकत नाही.

(२) नावातील एकवाक्यता पाहावी. बारावीची गुणपत्रिका, पदवी, आंतरवासितेचा दाखला, नोंदणी प्रमाणपत्र व आधार यांवर एकच नाव आहे काय? विवाहानंतर नाव बदलले असल्यास विवाह नोंदणीचा दाखला व राजपत्रातील प्रसिद्धी यांच्या प्रती ठेवाव्यात. प्रत्यक्षात सर्वाधिक अर्ज याच कारणाने अडतात.

(३) विद्यापीठाचे नाव तपासावे. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी आपल्याकडील पदव्या शिवाजी विद्यापीठाच्या आहेत. परराज्यातील लिपिकास हा बदल ठाऊक असेलच असे नाही. अर्जासोबत एका ओळीचा खुलासा जोडल्यास पत्रव्यवहाराचे महिने वाचतात.

(४) स्थलांतर कायमचे आहे की तात्पुरते, हे आधी ठरवावे. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन नाव दुसऱ्या राज्यात वर्ग झाल्यावर मूळ नोंदवहीतील नाव चालू राहत नाही. परत यावयाचे झाल्यास हाच प्रवास उलट करावा लागतो. एक-दोन वर्षांच्या वास्तव्यासाठी हा खटाटोप करावा काय, याचा विचार व्हावा.

(५) मूळ परिषदेकडे ना हरकत व सद्वर्तन प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. ती हाती आल्यावर नव्या राज्याच्या मंडळाकडे मूळ कागदांसह जावे. प्रत्येक कागदाची साक्षांकित प्रत स्वतःजवळ ठेवावी व दिलेल्या अर्जाची पोच घ्यावी.

(६) नवा नोंदणी क्रमांक मिळाल्यानंतरच जागेच्या नोंदणीचा अर्ज करावा, आणि ती झाल्यावर पाटी लावावी.

(७) मधल्या काळात वैद्यकीय दाखले देण्याचे टाळावे. अशा दाखल्यावर हरकत निघाली, तर रुग्णाची रजा किंवा नुकसानभरपाई अडते आणि आपल्या कागदाची शिक्षा त्याला भोगावी लागते.

६. कागद बदलला, देश बदलला का?

येथपर्यंत कायद्याचा विचार झाला. परंतु नव्या राज्यात जाणाऱ्या वैद्याची खरी परीक्षा पथ्य सांगताना होते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचे आठ विशेष सांगितले आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांतील 'देश' हा राज्याच्या सीमेने ठरत नाही. आपल्या एकाच जिल्ह्यात गगनबावडा व राधानगरीचा आनूप प्रदेश आहे आणि शिरोळ-हातकणंगल्याचा वेगळ्या गुणांचा मुलूखही आहे. अथणीकडे जावे तसा जांगलाकडे कल वाढतो. गोव्यात उतरताच आनूप लक्षणे स्पष्ट दिसतात.

कोल्हापुरात वापरलेला छापील पथ्यतक्ता तसाच पणजीस नेला, तर काय होते? तक्त्यात ज्वारीची भाकरी लिहिलेली असते. तेथील रुग्ण दोन्ही वेळ भात खात आलेला असतो. भात त्याचे ओकसात्म्य आहे. तो एका दिवसात बंद करण्याची आज्ञा पाळली जात नाही आणि पाळली गेली तरी बाधते. सवयीचे अहित सोडताना व हित स्वीकारताना पादांशाने, म्हणजे थोडे थोडे, पुढे जावे, ही चरकाचार्यांची रीत येथे उपयोगी पडते. जुना तांदूळ, तो भाजून केलेला भात, राशीत घट, रात्री पेज असा मार्ग त्या देशातूनच काढावा लागतो.

गोव्यातील रुग्ण हमखास विचारतात, 'मासे आणि सोलकढी विरुद्ध आहे का?' मत्स्य व दूध यांचा विरोध संहितेत प्रसिद्ध आहे. तो विरोध प्राण्यांच्या दुधाशी आहे. नारळाचा रस व्यवहारात 'दूध' म्हणवला जात असला, तरी तो क्षीरवर्गातील नव्हे. केवळ नामसाम्यावरून एका प्रदेशाचे नित्याचे भोजन विरुद्धाहार ठरविणे युक्तीला धरून होणार नाही. त्यातील आमसुलाचे प्रमाण, मिठाचे प्रमाण व रुग्णाची पित्तप्रकृती यांचा विचार मात्र अवश्य करावा.

भाषेचा प्रश्नही लहान नाही. आपण 'दही वर्ज्य, ताक चालेल' असे सांगतो. कन्नड भाषिक रुग्णास दही म्हणजे मोसरु व ताक म्हणजे मज्जिगे असे त्याच्या शब्दांत सांगितले नाही, तर पथ्य उलटे होण्याचा संभव आहे. कुळथास तेथे हुरुळी म्हणतात, नाचणीस रागी. असे तीस-चाळीस शब्द एका वहीत लिहून काढणे ही नव्या राज्यातील पहिल्या महिन्याची साधना समजावी. त्याबरोबर तेथील बाजार, सण, उपवास व ऋतू यांचे निरीक्षण करावे. एक वर्षभर सहा ऋतू पाहिल्याशिवाय त्या देशाचा आहार आपल्याला कळला, असे म्हणू नये.

उपसंहार

परराज्यात जाणाऱ्या वैद्यास दोन अनुज्ञा मिळवाव्या लागतात. एक शासनाची, ती कागदाने मिळते. दुसरी त्या देशातील लोकांची, ती देश, सात्म्य व भाषा जाणल्याने मिळते. पहिलीच्या अभावी व्यवसाय अवैध ठरतो, दुसरीच्या अभावी निष्फळ. कायद्यातील नियम व शुल्क वेळोवेळी बदलत असल्याने प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी संबंधित मंडळाची त्या दिवशीची सूचना अवश्य पाहावी. सीमाभागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींनी दोन्ही बाजूंच्या नोंदणीचे आपले अनुभव व तेथील पथ्यद्रव्यांची स्थानिक नावे लिहून पाठविल्यास त्यांचे संकलन नवोदित वैद्यांना निश्चित उपयुक्त होईल.